विभागाच्या बोटीचं गाऱ्हाणं

विजयदुर्ग माझ्या घरापासून लांब नाही. आमच्या वाडीतून पान जुळवून तोंडात टाकलं आणि निघालं, तर पान रंगेपर्यंत माणूस तिथे पोचतो. त्या दिवशी मात्र मला तिथे पोचायला अर्धा दिवस लागला, कारण मी संशोधनासाठी चाललो होतो.

झालं असं, की आमच्या विभागप्रमुखांनी कुठल्याशा ऑनलाइन शिबिरात ऐकलं, परदेशातल्या विद्यापीठांत म्हणे सगळा विभाग वर्षातून एक दिवस कामाची जागा सोडून दूर जातो आणि तिथे बसून संशोधनाचा विचार करतो. त्याला 'रिसर्च अवे डे' म्हणतात. सरांना ही कल्पना फार भावली. कामाच्या जागी बसून संशोधनाचा विचार आमच्याकडे कुणी केला नव्हता, तेव्हा जागा बदलून बघायला हरकत नव्हती. त्याचं मराठी बारसं 'संशोधन चिंतन दिन' असं झालं, बॅनर छापून आला, आणि दूरची जागा म्हणून विजयदुर्गातला एक होमस्टे ठरला.

मी म्हटलं, "सर, मी सकाळी थेट तिथेच येतो. माझं घर शेजारीच आहे."

"अहो, अवे म्हणजे काय? दूर जाणं! घरातून उठून तुम्ही तिथे आलात, तर तुम्ही दूर गेलात कुठे? सगळ्यांनी कॉलेजातून एकत्र निघायचं. सांघिक भावना!"

विभागात मी तासिका तत्त्वावरचा, म्हणजे जितके तास शिकवीन तितक्याच तासांपुरता प्राध्यापक. अशा माणसाने सांघिक भावनेशी वाद घालायचा नसतो. पहिली एसटी पकडून तळेऱ्याला उतरलो, तिथून हायवेने कॉलेजला गेलो, बॅनर गाडीत चढवला आणि सगळ्यांबरोबर परत तळेऱ्यावरून विजयदुर्गला आलो. गाडी आमच्या वाडीवरून गेली तेव्हा आई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने मान वर करून गाडीकडे बघितलं आणि पुन्हा चादर झटकली. मी काचेतून हात हलवला, पण मांडीवर बॅनरची गुंडाळी होती, तिला काय दिसणार!

आमचा विभाग समाजशास्त्राचा आणि माणसं पाच. विभागप्रमुख घाटावरचे. कोकणात येऊन जन्म गेला तरी पाण्याला घाबरतात, गुडघ्याच्या वर पाणी आलेलं त्यांना चालत नाही. मग एक ज्येष्ठ बाई, कुडाळकडच्या, पण कॉलेजात इतकं धुतलेलं मराठी बोलतात की मालवणी त्यांना येतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. तिसरे मूल्यांकनवाले सर. कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार आहे, ही बातमी ते मी रुजू झालो त्या दिवसापासून सांगतायत आणि त्या समितीसाठी फायली लावतायत. चौथा मी. पाचवा माझ्यासारखाच तासिकावाला. तो दिवसभर सगळ्यांचे फोटो काढत होता, त्यामुळे तो एकाही फोटोत नाही. अहवाल वाचणाऱ्याला वाटेल, विभागात चारच माणसं आहेत.

आता माझं दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी गेले काही मोसम रापणीवर काम करत होतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते समुद्रात फिरवून सोडते आणि मग दोन्हीकडचे दोर धरून गावची माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. आमच्या किनाऱ्यावरचा नेम असा, की ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. मग तो उशिरा आलेला असो, म्हातारा असो, की वाटेवरचा पाहुणा असो. आणि नुसतं उभं राहून बघणाऱ्याला वाटा नाही, मग तो सरपंच का असेना! हा वाटा कसा ठरतो, भांडणं कशी मिटतात, विधवेचा वाटा कुणी बाजूला काढायचा, हे सगळं मी वाळूत बसून टिपलं होतं. माझे बाबा खांदा निखळेपर्यंत रापण ओढत होते, त्यामुळे मला कुणी हाकललं नाही. या कामाच्या शोधनिबंधावर पहिलं नाव माझं लागलं, तर कायम जागेच्या मुलाखतीत मला तोंड उघडता येणार होतं. तिथे विचारतातच, "पहिलं नाव कुणाचं?" आणि आजवर मी त्यावर फक्त खाकरत आलो होतो.

होमस्टेच्या ओटीवर बॅनर लागला. आधी बॅनरसमोर फोटो झाला, मग बॅनर सरळ करून पुन्हा झाला, आणि मग चिंतन सुरू झालं. सर म्हणाले, "आधी वातावरण मोकळं करू. प्रत्येकाने सांगायचं, आपण मासा असतो तर कुठला?" शिबिरात शिकवलं होतं म्हणे. बाई म्हणाल्या, सुरमई. मूल्यांकनवाले सर शुद्ध शाकाहारी. ते बराच वेळ कसनुसे झाले आणि शेवटी म्हणाले, "शोभेचा, काचेतला." सर स्वतः देवमासा झाले. मी म्हटलं, "पेडवा." बाई खुदकन हसल्या, सरांना काही कळलं नाही. पेडवे म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात स्वस्त मासे. ते कुणी एकेक मोजून घेत नाही, पाटीने उचलतात.

वातावरण असं मोकळं झाल्यावर सरांनी प्रोजेक्टर लावून लॅपटॉपवरची स्लाइड भिंतीवर टाकली. "विभागाचा या वर्षीचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प," ते म्हणाले, आणि भिंतीवर माझ्या बाबांचे हात आले.

खोटं नाही सांगत. मीच काढलेला फोटो, रापणीच्या दोरावर आवळलेले बाबांचे दोन हात, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. सरांना मी तो कौतुकाने पाठवला होता. वर मथळा, 'कोकण किनारपट्टीवरील सामूहिक मासेमारीतील वितरण-न्याय : एक चिकित्सक अभ्यास.' खाली मुख्य संशोधक म्हणून विभागप्रमुख, त्याखाली सहसंशोधक म्हणून बाई आणि अगदी तळाशी, बाबांच्या मनगटापाशी, बारीक अक्षरांत क्षेत्रसहाय्य म्हणून मी.

माझं डोकं असं फिरलं, की लॅपटॉप उचलून खाडीत भिरकावावा! रापणीच्या वाळूवर या माणसाने कधी चप्पल काढून पाय ठेवला नव्हता. पण मी बोललो काय? "छान आहे, सर." हे आमचं तासिकावाल्यांचं राष्ट्रगीत, कुणी सुरू केलं की आपोआप उभं राहायला होतं.

"कुणाची काही सूचना?" सरांनी विचारलं.

"नाही, सर," सगळे म्हणाले.

जेवायला बसल्यावर बाई माझ्या शेजारी आल्या. बांगड्याचं तिखलं समोर होतं आणि मी भात नुसताच चिवडत होतो. बाई हळूच म्हणाल्या, "माझं नाव त्यात आहे हे मलाही आत्ताच कळलं हो. रागावू नका." मग म्हणाल्या, "भातलावणीच्या गाण्यांवर मी तरुणपणी काम केलं होतं. चिखलात उभी राहून गाणी उतरवली. तेव्हा हे सर नव्हते, दुसरे होते. छापून आलं तेव्हा माझं नाव तळटीपेत होतं. मी म्हटलं, छान आहे, सर. त्यानंतर काही केलंच नाही मी. सोलकढी घ्या, बरं वाटेल."

सोलकढी चांगली होती, पण बरं काही वाटलं नाही.

दुपारच्या सत्राला सरांनी 'खुल्या समुद्रात मुक्त चिंतन' ठेवलं होतं, म्हणजे बॅनर घेऊन होडीतून किल्ल्याला वळसा. सरांना समुद्राचा फोटो हवा होता आणि समुद्र मात्र नको होता. लाइफ जॅकेट त्यांनी जेवणाआधीच चढवलं होतं.

होमस्टेच्या मालकांची ती बोट. पावसाळाभर वर ओढून ठेवलेली, त्या दिवशीच पाण्यात उतरवली होती, आणि आम्ही मोसमातले पहिले बसणारे. मालक नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिले. आमच्याकडे नवीन काही सुरू करायचं तर गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही. एकाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ज्याने 'व्हय' म्हटलं, तो त्या बोलण्याला बांधला गेला. पण गाऱ्हाणं घालणारे म्हातारे त्या दिवशी तापाने झोपले होते. मालकांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, तुमीच घाला. तुमचे बापूस कितके वर्सां घालीत! तुमका येवकच व्हया."

"वा, वा!" विभागप्रमुख खूश झाले. "भारतीय ज्ञान परंपरा! घाला तुम्ही. अहवालात वेगळा मुद्दा होईल." मूल्यांकनवाल्या सरांनी लगेच विचारलं, "हे कुठल्या निकषात बसेल?"

मालक म्हणाले, "पण सायबानू, बोटीत बसतलो तेणा 'व्हय म्हाराजा' म्हणाकच व्हया. जो म्हणाचो नाय, तेणा हयसरच बसाचा. माज्या बोटीचो पयलो फेरो आसा, माका खोट नको."

"म्हणू की! जोरात म्हणू!" सर म्हणाले. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं, आणि अशा वेळी माणसाची श्रद्धा वाढते.

मी नारळ हातात घेतला. लहानपणापासून बाबांचं ऐकून पाठ झालेलं, पण कधी चारचौघांत घातलं नव्हतं. मग एकदाचा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही जी कालेजातली तुजी लेकरां तुज्या दर्यार इली हत, तेंका सुखरूप न्हे आणि सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सरांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ह्या बोटीर कोणाची वाकडी नजर पडली आसात, ती थंयच्या थंय मोडून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर बाबांचं. पण गाऱ्हाण्यात एक गंमत असते, ते घालणाऱ्याला कुणी मधे अडवत नाही. कॉलेजात मी वाक्य सुरू केलं की कुणीतरी ते माझ्या तोंडून काढून घेतं. इथे सगळे हात जोडून माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मला जरा चेव आला.

"मूल्यांकनाचे सायब येतीत तेवा ह्यांच्या फायली जाग्यार गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मूल्यांकनवाल्या सरांनी डोळे मिटले होते. इतक्या मनापासून त्यांनी काही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"बाईंची जी काय गाणी चिखलात रवली हत, ती वर येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाईंचा आवाज आला नाही. मान खाली घालून त्या पाण्याकडे बघत होत्या. क्षणभराने एकट्याच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

"जेणा दोर वढल्यान, वाटो तेकाच मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता मागे फिरणं नव्हतं. उद्या तासिका गेली तर गेली, आंबे विकीन. मी नारळ डोक्याच्या वर धरला.

"आणि रापणीच्या निबंधार पयला नाव, जो रापणीर बसलो, तेचाच लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालक म्हणाले, बाई म्हणाल्या, मूल्यांकनवाले सर सवयीने म्हणाले. फोटोवालासुद्धा कॅमेऱ्यामागून म्हणाला. सर गप्प. इतकी वर्षं इथे राहून एवढं मालवणी त्यांना चांगलंच कळत होतं.

मालकांनी त्यांच्याकडे बघितलं. "सायबानू, तुमचा ऐकाक येवक नाय."

सरांनी बोटीकडे बघितलं, बॅनरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नारळ खाली घेतला नाही. लाट आली, सरांनी बोटीची कड घट्ट धरली आणि लहान मुलाने औषध प्यावं तसं तोंड करून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

नारळ एका फटक्यात फुटला.

किल्ल्याच्या वळशाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फोटोत बॅनर उलटा आलाय. खाडीच्या तोंडाशी बोट हेलकावली तेव्हा सरांनी माझा दंड पकडला आणि कानात विचारलं, "हे गाऱ्हाणं मागे घेता येतं का हो?"

"नाही, सर. तशी सोय नाही," मी म्हटलं.

पण जमीन पायाखाली आली की माणसाला धीर येतो. ओटीवर चहा आला, समारोपाचं सत्र सुरू झालं, आणि सरांनी भिंतीवर पुन्हा तीच स्लाइड लावली. बाबांचे हात, वर मथळा, खाली तीच नावं. "तर," ते घसा साफ करत म्हणाले, "मुख्य संशोधक या नात्याने मी..."

"सर, बोटीपाशी आपण होय म्हटलंत," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, ती परंपरा! तिचा आदर आहेच. पण प्रकल्पाचे निकष वेगळे असतात."

बाई उभ्या राहिल्या. कपबशी त्यांनी खाली ठेवली. आणि मग त्या जे बोलल्या, ते त्यांच्या माहेरच्या अंगणातून आल्यासारखं होतं.

"निकष गेले खड्ड्यात! नारळ फुटलो, सर. आता मागे घेवक येवचा नाय. आणि माजा नाव तेच्यातसून काढा. मी एकदाव थंय गेलंय नाय, माका कोणाचो वाटो नको!"

चहाचा ट्रे घेऊन मालक दारात उभे होते. ते अगदी नम्रपणे म्हणाले, "सायबानू, माजी बोट उद्या परत दर्यात जातली. तुमी असा करू नकात."

सरांनी विभागभर नजर फिरवली. दरवेळी 'नाही, सर' म्हणणारं कुणीतरी सापडतंच, तसं शोधत होते. मूल्यांकनवाल्या सरांनी नजर चुकवली आणि पुटपुटले, "फायलींचंही त्याच गाऱ्हाण्यात आहे हो, सर." मग विभागप्रमुख लॅपटॉपवर वाकले. भिंतीवर त्यांचं नाव एकेका अक्षराने मागे सरकत गेलं आणि त्या जागी माझं आलं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बिस्किट खाल्लं.

परतीला सांघिक भावनेचा विषय निघाला नाही. "तुम्ही जा इथूनच घरी," सर म्हणाले. बाईंनी गाडीच्या खिडकीतून हात हलवला. मी जवळजवळ उड्या मारतच वाडीत आलो.

बाबा ओटीवर बसून दुखरा खांदा शेकत होते. माझ्याआधी मालकांचा फोन पोचला होता.

"गाराणा बरा घातलंस म्हणे," बाबा म्हणाले. "शेवटाक जरा लांबवलंस. देवाक निबंधाचा काय पडलाहा?"

"पण झालं ना काम! पहिलं नाव माझं लागलं, बाबा!" आनंद पोटात मावत नव्हता. मी सगळं सांगितलं. सरांचं तोंड, बाईंचा आवाज, मालकांचा ट्रे. मोबाइलवर ती स्लाइडही दाखवली, फोटोवाल्याने पाठवलेली. बाबांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितला.

"हे हात माजे मा रे?"

"तुमचेच."

"दोर वढल्यान तेचो वाटो, असाच म्हटलंस मा तू देवाक?"

"हो."

"मगे माजा नाव खंय आसा?"

मी म्हटलं, "असेल की, बाबा. निबंधाच्या शेवटी असतं. ऋणनिर्देश म्हणतात त्याला. तुमचं, सगळ्या रापणकारांचं..."

"शेवटी म्हणजे खंय? किनाऱ्यार उभे रवान बघतत, तेंच्यात?"

मोबाइल त्यांच्या हातातच होता, आणि त्यावर त्या दोरावरच्या हातांखाली माझं नाव ठळक अक्षरांत होतं.

"नारळ फुटलो रे झिला," बाबा हसून म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.